आधी राम राम, मग रानाचं गाऱ्हाणं

पर्यटकाला वळण लावायचं म्हटलं की आपल्याला दोनच उपाय सुचतात. एक लाल अक्षरांचा फलक, दुसरा वरच्या पट्टीतला आवाज. फलक कुणी वाचत नाही आणि आवाज चढला की समोरचा ऐकायचं सोडून उत्तर शोधायला लागतो. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी तोरणमाळच्या सीताखाईपाशी उभं राहिलं, तर हे दोन्ही उपाय एकाच वेळी फसताना दिसतील. शहादा, धुळे, खेतिया, सेंधवा, सुरत अशा गावांहून आलेल्या गाड्या, दरीतून वर चढणारं धुकं, भाजलेली कणसं, कुणाच्या तरी स्पीकरवरचं गाणं आणि कठड्यापलीकडे भिरकावलेली वेफरची पाकिटं. कुणीतरी करवादतं, "शिकलेसवरलेले दिसता, लाज नाही वाटत?" त्यावर दुसरं पाकीट मुद्दाम भिरकावलं जातं. पहिलं आळसानं गेलं होतं, दुसरं अपमानाच्या रागानं जातं.

नंदुरबार जिल्ह्यात रानात, डोंगरावर, धबधब्यावर येणाऱ्यांशी ज्यांना बोलावं लागतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ट्रेकचा गट नेणारे, शाळेची सहल नेणारे शिक्षक, गावातले वाटाडे, चहा-कणसाची टपरी लावणारे. शिवाय, कुठलंही पद नसताना शेजारी उभा राहून अस्वस्थ होणारा साधा पर्यटकही. त्याची पंचाईत सगळ्यांत मोठी, कारण "तुम्ही कोण सांगणारे?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

खरं तर उत्तर आहे. सांगणारे आपण नसतोच, असं समजून बोलायचं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्य विद्यापीठातले जॉर्ज वॉलेस यांनी 1990 साली तिथल्या वनरक्षकांसाठी बोलण्याची एक पद्धत मांडली. तिचं सार असं, की गणवेशाचा अधिकार बाजूला ठेवायचा आणि त्या जागेची गरज पुढे करायची. नियम मोडला म्हणून थांबवायचं नाही. या कृतीनं पाण्याचं, पक्ष्याचं, झाडाचं काय होतं ते दाखवायचं आणि मग दुसरा मार्ग सुचवायचा. जंगल स्वतःच्या वतीनं बोलू शकत नाही, म्हणून मी त्याचा निरोप सांगतोय, अशी भूमिका. गणवेश नसलेल्यालाही ती घेता येते, हा तिचा मोठा फायदा.

आपल्याकडे या निरोपाच्या आधी एक पायरी लागते, ती राम रामाची. खानदेशात अनोळखी माणसालाही "कसं शे भाऊ, कथाईन उनात?" असं विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. तळोदा-अक्कलकुवा भागात अजूनही "आप की जय" म्हणून एकमेकांना नमस्कार करणारी माणसं भेटतात. 1930 च्या दशकात गुला महाराजांनी भिल्ल समाजात जी चळवळ उभी केली तिची ही खूण. खेतियाहून आलेल्याशी हिंदीत बोलावं, सुरतहून आलेल्याशी येईल तेवढी गुजराती. मोडकी चालेल. आपल्या भाषेत कुणी दोन शब्द बोललं की माणूस सैल होतो, आणि सैल झालेला माणूसच ऐकतो.

या विचारपुशीतून आणखी एक गोष्ट हाती लागते: तो इथे का आला आहे. सातपायरीच्या घाटातून गाडी चढवत, पोरांना उलट्या झाल्या तरी न थांबता, कुणी घाण करायला वर येत नाही. त्याला गारवा हवा असतो, आईला गोरखनाथाचं दर्शन घडवायचं असतं, नव्या नवरीला दरी दाखवायची असते. जे त्याला आवडलं आहे तिथूनच बोलणं सुरू करा.

तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या काठावर कुणी साबण लावून गाडी धुतंय, असं समजा. सरळ जाऊन "इथे गाडी धुवायला बंदी आहे" म्हटलं, तर बंदी कुणी घातली, फलक कुठे आहे, यावर वाद सुरू होणार. त्याऐवजी असं काही: "राम राम भाऊ. लांबून आलात वाटतं, गाडी चिखलानं पार भरलीय. घाटच तसा आहे. एक सांगू का? या तलावाला उन्हाळ्यातही पाणी असतं, म्हणून गावची गुरं बारा महिने इथेच पाण्याला येतात. साबणाचं पाणी उतारानं सरळ आत जातंय. मी बादली देतो, गाडी जरा वर रस्त्याकडे घ्या, तिथलं पाणी मातीत मुरेल." यात त्याचा त्रास मान्य केला, कारण सांगितलं आणि बादलीही दिली. मला यात बादली सर्वांत महत्त्वाची वाटते. पर्याय हातात दिल्याशिवाय नुसतं कारण सांगणं हे उपदेशाचंच गोड रूप आहे.

कारणही डोळ्यांना दिसेल असं हवं. "पर्यावरणाचा ऱ्हास होतो" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावरून घसरतं. "गुरं इथेच पाणी पितात" म्हटल्यावर तो माणूस वळून काठाकडे बघतो. बाटली फोडणाऱ्याला प्लॅस्टिक-काचेचे दुष्परिणाम सांगू नका. सकाळी याच वाटेनं अनवाणी पोरं शाळेत जातात, एवढंच सांगा. माकडांना बिस्किटं देणाऱ्याला त्यांच्या पचनसंस्थेचं व्याख्यान नको. हातातून खायची सवय लागलेलं माकड उद्या तुमच्यासारख्याच कुणाच्या लेकराच्या हातातला डबा ओढतं, तेव्हा चावतंही, हे आईला लगेच समजतं. कड्यावर आग्या मोहोळ लोंबतंय आणि खाली पोरं शेकोटी पेटवताहेत, तिथे मात्र राम राम वगैरे काही नाही; "धूर वर गेला की माश्या खाली येतील, आत्ता विझवा" हे एक वाक्य पुरे. जीवाशी गाठ असते तिथे आवाज चढला तरी कुणाला अपमान वाटत नाही.

रानपिंगळ्याची फिर्याद

या जिल्ह्याकडे सांगण्यासारखी एक अस्सल गोष्ट आहे आणि ती आपण पुरेशी सांगत नाही. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षं कुणालाही खात्रीनं दिसलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच बहुतेक पक्षितज्ज्ञ धरून चालले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे त्याच्या शोधात आले आणि शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ रानात, भर दिवसा, उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. जिल्ह्याच्या जन्माआधीच त्याला जगभर ओळख मिळवून देणारा हा पक्षी. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी केलेल्या पाहणीत तो उत्तर महाराष्ट्रात आणि मेळघाटात आणखी काही ठिकाणी सापडला.

इतकी वर्षं तो सापडला नाही याचं एक कारण फार बोलकं आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागन या नावाजलेल्या इंग्रज संग्राहकानं 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ आपण हा पक्षी मिळवल्याची नोंद केली होती. रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना तपासला, तेव्हा कळलं की तो जेम्स डेव्हिडसन यांनी कितीतरी आधी खानदेशात गोळा केलेल्या पक्ष्यांतून चोरून, नव्यानं पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला होता. नंतरच्या शोधकांची वाट त्या नोंदीनं चुकवली. वाटाड्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण पर्यटकांना धाक घालायला खोटं बोलायची सवय आपल्यातही आहे. "तिकडे जाऊ नका, वाघ आहे", "हे झाड तोडलं तर देव कोपतो आणि माणूस वर्षात मरतो." दोनदा असं सांगून काही झालं नाही, की तिसऱ्यांदा सांगितलेलं खरंही कुणी मानत नाही.

रानपिंगळा साध्या पिंगळ्यासारखाच दिसतो, फक्त त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नसतात आणि पंजे दणकट असतात. तो दिवसा शिकार करतो, माणसाला फारसा बुजत नाही, म्हणून छायाचित्रकारांना सोपा वाटतो. खरी अडचण इथेच सुरू होते. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवला की नर बाहेर येतो. त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. ढोलीत मादी अंड्यांवर बसलेली असताना तिला सरडे, उंदीर आणून देणं हे त्याचं काम. ते सोडून तो मोबाईलशी भांडत बसतो. फोटो मिळतो आणि तेवढा वेळ घरटं उपाशी राहतं.

कॅमेरा गळ्यात असलेल्या माणसाशी हे बोलायचं कसं? बहुतेक वेळा तो आपल्यापेक्षा पक्ष्यांबद्दल जास्त जाणतो, आणि तसं मानूनच बोलावं. "सर, तुम्ही या पक्ष्यासाठी एवढ्या लांब आलात, याचा गावाला अभिमान आहे. इथे आवाज वाजवत नाही आम्ही. नर घास सोडून भांडायला येतो. त्या सागापाशी गप्प बसू या, स्वतःहून येईल. नाही आला तर उद्या सकाळी परत येऊ." यात एक 'आम्ही' आहे. नियम गावाचा आहे, पाहुण्यानं तो पाळायचा आहे, आणि पाहुण्याला पाहुणा म्हटलं की तो सहसा पाहुण्यासारखाच वागतो. घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, हेही याच वेळी सांगून टाकावं. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. हे वाक्य खिशात असू द्या, पण शेवटी काढायला. सुरुवातीलाच कायदा काढला की पुढे बोलायला काही उरत नाही.

बेवारस नसलेला आंबा

शहरातून आलेल्या माणसाला रान म्हणजे कुणाचंच नसलेलं वाटतं. धडगाव परिसरात उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या खडकांवर, घरांच्या छपरांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतात; त्याच आमचुरावर इथल्या कित्येक घरांचं वर्षाचं मीठ-मिरची चालतं. हातोडीएवढ्या काठीनं कैऱ्या पाडून मीठ लावून खाणारं सहलीचं टोळकं कुणाच्या तरी बाजाराच्या पैशांवर दात मारत असतं. मोहाच्या फुलांचं, चारोळीचं, तोरणमाळच्या सीताफळांचंही तेच. ज्या ज्या गावांना वनहक्क कायदा, 2006 खाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे जंगल राखण्याचा आणि त्याचे नियम करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. पण कैरी पाडणाऱ्या पोराला कलमं सांगू नका. झाडाची मालकीण जवळच असेल तर तिलाच भेटवा. "या मावशींचं झाड आहे. विकत घ्या पसाभर, त्या मीठही देतील." रागावण्यापेक्षा हा सौदा बरा, मावशींनाही तोच आवडतो.

उलट्या दिशेनंही बोलायची वेळ येते, आणि शहरी निसर्गप्रेमी तिथे हमखास घसरतो. जळाऊ लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्या पावरा बाईला "ताई, झाडं तोडू नका हो" असं सांगणारे सद्‍गृहस्थ भेटतात. ती वाळल्या फांद्या नेते, हे पाहण्याइतकंही ते थांबलेले नसतात. ज्याची गाडी पन्नासेक किलोमीटरचा धूर सोडत वर आली, त्यानं मोळीवाल्या बाईला निसर्ग शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची रीत वणव्याचं कारण ठरू शकते हे खरं, आणि त्याजागी जुन्या साड्या किंवा जाळी अंथरून फुलं वेचता येतात हेही खरं. पण ही गोष्ट ग्रामसभेत, गावातल्यांनी गावातल्यांशी बोलायची आहे. पाहुण्यानं फार तर विचारावं, "दादा, पाला का जाळता?" आणि उत्तर ऐकून घ्यावं. त्याच डोंगरातल्या कित्येक पाड्यांत पावसानंतर उगवलेल्या नव्या हिरव्याची पूजा झाल्याशिवाय रानभाजीला किंवा सागाच्या पानाला हात लावत नाहीत. संयम पाळण्याची रीत ज्यांच्या घरात चालत आली आहे, त्यांच्याकडून दोन वाक्यं मागून घेतली तर ती पर्यटकांना सांगता येतील.

गावानं स्वतः ठरवलेला नियम किती टिकतो, हे शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात बघावं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी बैठका घेऊन, कुऱ्हाडबंदी ठरवून, सुमारे 400 हेक्टर जंगल राखलं. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे वनभाजी महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्याला जंगलाविषयी वेगळं बजावावं लागत नाही. पानात भाज्या पडतात, त्या कुठून आल्या ते वाढणारी बाई सांगते.

यात्रेकरूंशी बोलण्याची तऱ्हा निराळी. दिवाळीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या दर्शनाला अस्तंब्याचा डोंगर चढणारे जथे, महाशिवरात्रीला तोरणमाळला मध्य प्रदेश-गुजरातेतून येणारे भाविक, हे स्वतःला पर्यटक समजत नाहीत, आणि नसतातही. त्यांना "कचरा करू नका" म्हणणं म्हणजे त्यांच्या भक्तीवर बोट ठेवल्यासारखं होतं. त्यांच्या जथ्याचा म्होरक्या गाठावा. निघण्याआधी, खालीच. "बाबा, वर पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या फार साठतात. तुमच्या पोरांना सांगा, देवाच्या डोंगरावर नेलेलं खाली आणायचं. तुमचं ऐकतील." म्होरक्यानं एकदा सांगितलं की वर कुणाला बोलावं लागत नाही.

होळीला काठी, मोलगी, धडगाव भागात कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढते आहे. मोरपिसांचा टोप घातलेले, अंगावर राखेचे ठिपके काढलेले बुध्या व्रतात असतात. ते कुणाच्या करमणुकीला सजलेले नसतात. गटाला नेणाऱ्यानं हे गाडीतच सांगून ठेवावं. आधी ढोल ऐका, मग नजरानजर झाली की हातानं विचारा, मान हलली तरच फोटो. जो माणूस माणसाचा मान राखायला शिकला, त्याला झाडाचा मान राखायला सांगणं अवघड जात नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

फलक लावायचाच असेल तर

फलकांवर मी सुरुवातीला टीका केली, तरी ते लागतातच. फक्त मजकूर बदलायला हवा. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे लोक खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळे फलक लावून पाहिले. निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. "आधीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यान बदललं" अशा अर्थाचा फलक होता तिथून खुणा केलेले जवळजवळ 8 टक्के तुकडे गेले. "कृपया लाकूड नेऊ नका" एवढंच लिहिलं होतं तिथून 2 टक्क्यांहूनही कमी. सगळेच नेतात, असं कळल्यावर न्यायला हरकत वाटेनाशी होते.

आपले फलक नेमकं हेच करतात. "पर्यटकांनी हा परिसर घाण केला आहे!" असं लिहून खाली कचऱ्याचा फोटो. वाचणाऱ्याला वाटतं, चला, इथे चालतं. त्याऐवजी यशवंत तलावाच्या काठावर लिहावं: "या तलावाचं पाणी गावची गुरं पितात. साबण, शाम्पू वर रस्त्याकडे वापरा." कचऱ्याचा डबा किती पावलांवर आहे हेही लिहावं. डबाच नसेल तर फलक लावू नये. आधी डबा ठेवावा आणि तो रिकामा कोण करणार ते ठरवावं. टपरीवाल्यांची यात मोठी मदत होते. कणीस देतानाच "दाणे संपले की बुरकुंडा इथे पाटीत टाका, बकरीला जातो" म्हटलं, की दहातले आठ जण परत येऊन टाकतात, आणि परत आल्यावर चहाही पितात.

शाळेच्या सहलींबाबत थोडक्यात. मुलांना सूचनांची यादी देऊ नका, काम द्या. एकानं रानपिंगळ्याचा आवाज ओळखायचा, दुसऱ्यानं गटाची रिकामी पाकिटं मोजायची, तिसऱ्यानं गावातल्या आजीला विचारून पाच झाडांची पावरी नावं लिहून आणायची. घरी गेल्यावर बापाला टोकायचं काम ती बिनपगारी करतात.

एवढं करूनही काही जण ऐकत नाहीत. दोनदा सांगून झालं असेल, समोरचा दारू प्यायलेला असेल, किंवा हातात गलोल-बंदूक असेल, तर तिथे समजूतदारपणा दाखवायला थांबू नये. चित्रीकरण करून चारचौघांत लाज काढण्याचा मोहही टाळावा. त्यानं माणूस सुधारत नाही आणि वाद हातघाईवर येतो. गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहून घ्या, बाजूला व्हा आणि वनरक्षकाला किंवा गावच्या पाटलाला कळवा. महाराष्ट्र वन विभागाचा 1926 हा निःशुल्क क्रमांक शिकार, वणवा, झाडतोड अशा तक्रारींसाठी आहे. डोंगरात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून घाट चढायला लागण्याआधीच तिथल्या वनरक्षकाचा नंबर घेऊन ठेवावा, आणि गटातल्या आणखी दोघांकडेही तो द्यावा.